सोळा ते तेवीस

२८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या स्ताद द फ्रान्स मैदानावर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होऊन तीन-चार मिनिटंच झाली होती. तेवढ्यात दक्षिण आफ्रिकेचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या ओळीतला मधला खेळाडू, बोंगी एम्बोनाम्बी गुडघा दुखावून खाली पडला आणि पुन्हा खेळायला आलाच नाही. संघाचा दुसरा कसलेला हुकर माल्कम मार्क्स स्पर्धेच्या सुरुवातीलाच सरावात जायबंदी झाला होता. मग मैदानात उतरला डिऑन फूरी. वय ३७. हुकरची जागा त्याला नवी नव्हती, पण गेली काही वर्षं तो मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळत होता. दक्षिण आफ्रिकेची जर्सी त्याला पहिल्यांदा मिळाली तीच ३५ व्या वर्षी. त्या संघात इतक्या उशिरा पदार्पण करणारा तो पहिलाच.

समोर न्यूझीलंड. फूरी शेवटपर्यंत खेळला. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकताना, दक्षिण आफ्रिकेची घडी काहीशी विस्कटली, पण स्क्रम टिकला आणि बचावाची भिंत उभी राहिली. निकाल लागला १२-११. दक्षिण आफ्रिकेचे बाराही गुण हांद्रे पोलार्डने मारलेल्या चार पेनल्टींचे होते. हा पोलार्ड स्पर्धेच्या मूळ संघात नव्हताच. मार्क्सला दुखापत झाली तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच्या जागी दुसरा हुकर न मागवता हा किकर मागवला होता. म्हणजे विश्वचषक ज्याच्या पायाने जिंकला आणि हुकरची उघडी पडलेली जागा ज्याने सांभाळली, ते दोघंही त्या सामन्याची पहिली शिटी वाजली तेव्हा किंवा स्पर्धेची पहिली यादी लागली तेव्हा पहिल्या पसंतीचे नव्हते.

व्यावसायिक रग्बी संघ कशामुळे यशस्वी होतो, या प्रश्नाला प्रतिभावान खेळाडू, धोरणी प्रशिक्षक, पैसा, शिस्त अशी उत्तरं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण गेल्या काही वर्षांतला दक्षिण आफ्रिकेचा संघ बारकाईने पाहिला की आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. पाठीवर १ ते १५ क्रमांक घालून उतरणाऱ्यांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, सामन्याचं भवितव्य १६ ते २३ या आठ क्रमांकांवर ठरतं.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पटायला थोडा वेळ लागतो. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू पाणी आणतो, क्षेत्ररक्षण करतो, पण एरवी फलंदाजी-गोलंदाजी त्याच्या वाट्याला येत नाही. रग्बीत आठ राखीव खेळाडू असतात आणि आठच्या आठ मैदानात उतरू शकतात. सामना ८० मिनिटांचा. त्यात काही किलोमीटर पळणं आणि शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांना पुन्हा पुन्हा आडवं पाडणं. सहसा तासाभराने पहिल्या फळीतल्या खेळाडूंचे पाय जड होतात. त्या वेळी कोणाकडे ताजे पाय आहेत, यावर उरलेली वीस मिनिटं फिरतात.

यातही सगळ्यांत महत्त्वाचा स्क्रम. दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांच्या खांद्यांत खांदे अडकवून वाकतात आणि पंचाच्या इशाऱ्यावर भिडतात. एकेका बाजूचं वजन मिळून नऊशे किलोच्या आसपास जातं. पुढच्या ओळीत मधोमध हुकर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. ही तिघांची ओळ मागच्या पाच जणांचा रेटा पाठीवर घेऊन समोरच्यांचा रेटा झेलते. मान, पाठीचा कणा, पावलांची रोवण, श्वास, सगळं एका क्षणात जुळावं लागतं. हे काम धोक्याचं असल्यामुळे पुढच्या ओळीत कुणालाही उभं करता येत नाही. तिथे त्या जागेचं शिक्षण घेतलेलाच खेळाडू लागतो, म्हणून राखीव आठांत पुढच्या ओळीचे निदान तीन जण ठेवण्याचा नियम आहे. ज्या संघाचा स्क्रम कोसळतो त्याच्याविरुद्ध पेनल्टी दिली जाते. पेनल्टी मिळाली की किक मारून तीन गुण, नाहीतर चेंडू लांब टोलावून चाळीस-पन्नास मीटर पुढे सरकायची मुभा. हे एकदा कळलं की बाहेरून पाहणाऱ्याला नुसती ढकलाढकल वाटणारी गोष्ट गुणफलकाच्या किती जवळ आहे ते ध्यानात येतं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण २०१७ च्या अखेरीस हाच संघ पार रसातळाला गेला होता.

२०१५ च्या विश्वचषकात ब्रायटनला जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं, आणि रग्बीच्या जगाने तोंडात बोटं घातली. २०१६ साली या संघाने १२ पैकी ८ कसोटी सामने गमावले. फ्लॉरेन्समध्ये इटलीकडूनही हार पत्करली. सप्टेंबर २०१७ मध्ये ऑकलंडजवळ आल्बनीला न्यूझीलंडने ५७-० असा धुव्वा उडवला. ज्या देशाने १९९५ मध्ये मंडेलांच्या साक्षीने विश्वचषक जिंकला आणि २००७ मध्ये पुन्हा जिंकला, त्याची ही गत झाली होती.

रासी इरॅस्मस तेव्हा आयर्लंडमध्ये मन्स्टर या क्लबचा कारभार पाहत होता. त्याला मायदेशी बोलावून आधी रग्बी संचालक आणि २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक केलं गेलं. त्याच्यासोबत आला जाक निनाबर. निनाबर मूळचा फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंची शरीरं बरी करता करता तो बचावाच्या डावपेचांकडे वळला होता. विश्वचषकाला दीडेक वर्ष उरलं होतं. इतक्या कमी वेळात संपूर्ण नवी खेळपद्धती रुजवणं अशक्य आहे, हे इरॅस्मसने ओळखलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या हाडामांसात आधीपासून असलेल्या गोष्टींवरच जोर दिला: स्क्रम, लाइनआउट, मॉल (चेंडू धरलेल्या खेळाडूभोवती घोळक्याने रेटणं), उंच किक आणि अंगावर धावून येणारा बचाव. दिसायला हा खेळ देखणा नव्हता. त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण थोड्या वेळात जे पक्कं करता येईल तेच निवडणं हा शहाणपणाचा निर्णय होता, आणि आजही अनेक प्रशिक्षकांना तेवढा संयम राखता येत नाही.

दुसरा निर्णय राखीव बाकाचा. बहुतेक संघ आठ राखीव खेळाडूंत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक, म्हणजे स्क्रमच्या मागे राहून धावणारे खेळाडू, ठेवतात. इरॅस्मसने सहा-दोन अशी वाटणी केली. २०१९ च्या जपानमधल्या विश्वचषकात या सहा फॉरवर्डांचा एक वेगळाच गट तयार झाला: किट्सहॉफ, मार्क्स, कॉक, स्नेमन, मॉस्टर्ट, लो. त्यांना नाव पडलं बॉम्ब स्क्वॉड. यातला मार्क्स जगातल्या सर्वोत्तम हुकरांपैकी एक मानला जात होता, तरीही तो बाकावर बसायचा. त्याला डावललेलं नव्हतं. सामना कलू लागतो त्या वेळेसाठी त्याला राखून ठेवलेलं होतं, आणि हा फरक त्याला स्वतःला पटलेला होता. व्यावसायिक खेळाडूचं मानधन, नाव, पुढचा करार हे सगळं पहिल्या पंधरांत असण्याशी जोडलेलं असतं. अशा माणसाला सोळाव्या क्रमांकाचा अभिमान वाटायला लावणं हे डावपेचांहून अवघड काम आहे. या संघाच्या यशाचा गाभा इथेच शोधायला हवा.

२ नोव्हेंबर २०१९ ला योकोहामात अंतिम फेरीत गाठ इंग्लंडशी पडली. आठवड्याभरापूर्वीच इंग्लंडने न्यूझीलंडला १९-७ असं नमवलं होतं, त्यामुळे पारडं त्यांच्याकडे झुकलेलं होतं. सामना सुरू होताच इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना एकट्याने ओढावा लागला. दक्षिण आफ्रिकेच्या वाट्यालाही दुखापती आल्याच. विसाव्या मिनिटानंतर लगेच एम्बोनाम्बी आणि लूड द याखर दोघं एकदमच बाहेर गेले. पण त्यांच्या जागी मार्क्स आणि मॉस्टर्ट आले आणि संघ तसूभरही खाली आला नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला टेंडाई म्तावारिराच्या जागी किट्सहॉफ आला. थकलेल्या कोलपुढे आता ताज्या दमाचा प्रॉप उभा होता. एकामागून एक स्क्रम इंग्लंडच्या हातून सुटत गेले, पेनल्टी मिळत गेल्या, पोलार्ड किक मारत गेला. शेवटच्या पंधरा मिनिटांत मापिम्पी आणि कोल्बे यांनी एकेक ट्राय केला, म्हणजे चेंडू इंग्लंडच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. ३२-१२. १९९५ आणि २००७ या दोन्ही अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिका एकही ट्राय न करता जिंकली होती. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला तिचा पहिला ट्राय माकाझोले मापिम्पीचा.

मापिम्पी ईस्टर्न केपच्या ग्रामीण भागातला. रग्बीसाठी नावाजलेल्या महागड्या शाळांपैकी एकीतही तो शिकला नव्हता. त्या स्पर्धेत जर्सीवरच्या क्रमांकात खेळाडूंच्या घरच्यांचे छोटे छोटे फोटो छापण्याची कल्पना निघाली. सगळ्यांनी आई-वडील, बायको, मुलांचे फोटो पाठवले. मापिम्पीने पाठवलेले सगळे फोटो त्याचे स्वतःचेच होते, कारण त्याची आई आणि भावंडं या जगात राहिली नव्हती. ‘चेसिंग द सन’ या माहितीपटात इरॅस्मसने हा प्रसंग सांगितला आहे. संघाची वीण कुठून येते हे समजायला यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही.

संघाचा कर्णधार सिया कोलिसी पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे वस्तीत वाढला आणि शिष्यवृत्तीवर ग्रे हायस्कुलात गेला. २०१८ मध्ये तो कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. वर्णभेदाच्या काळात या देशाच्या संघाचं दार बहुसंख्य जनतेला बंद होतं. १९८१ मध्ये एरल टोबायस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू संघात आला. १९९५ च्या विश्वविजेत्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकच श्वेतेतर खेळाडू होता. २०१९ च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या पंधरांत असे सहा होते. याकडे केवळ सामाजिक न्यायाचा विषय म्हणून पाहिलं तर अर्धंच दिसतं. ज्या देशाने इतकी वर्षं आपल्या बहुसंख्य मुलांकडे पाठ फिरवली, तो स्वतःची ताकदच अडवून बसला होता. तेवीस जण तोलामोलाचे हवेत तर निवड सगळ्या देशातून व्हायला लागते. न्याय आणि खेळ यांचा इथे एकमेकांना आधारच झाला.

निवडीच्या आड आणखी एक भिंत होती, पैशाची. फ्रान्स, इंग्लंड आणि जपानमधले क्लब युरो, पौंड, येनमध्ये पैसे मोजतात. रँडमध्ये ती बरोबरी करणं शक्य नाही. त्यामुळे खेळाडू परदेशी जात, आणि जे परदेशी गेले त्यांना राष्ट्रीय संघात घ्यायचं तर किमान ३० कसोटी सामने खेळलेले असावेत असा नियम होता. इरॅस्मसच्या काळात तो आधी सैल झाला आणि २०१९ च्या सुरुवातीला रद्द झाला. चेस्लिन कोल्बे तुलूझला गेला तेव्हा त्याच्या नावावर एकही कसोटी नव्हती. जुना नियम कडकपणे पाळला गेला असता तर तो विश्वचषकात दिसलाच नसता. जाणाऱ्यांना अडवता येत नाही हे मान्य करून त्यांना परत बोलवायची वाट मोकळी ठेवली, याचं श्रेय प्रशासनाला द्यायलाच हवं.

पैशाची बाजू क्लबांच्या पातळीवर आणखी उघडी पडते. रग्बी युनियन ऑगस्ट १९९५ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली, म्हणजे या व्यवसायाला अजून उणीपुरी तीस वर्षं झाली आहेत. इंग्लंडमधल्या सॅरासेन्सने २०१६, २०१७ आणि २०१९ मध्ये युरोपचा चषक जिंकला. पण खेळाडूंच्या वेतनावरची मर्यादा मोडल्याबद्दल त्यांना ५३ लाख पौंडांहून जास्त दंड झाला, गुण कापले गेले आणि २०२० मध्ये खालच्या श्रेणीत जावं लागलं. वॉस्प्सने दोनदा युरोप जिंकला होता, तोही कर्जाच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये बुडाला. त्याच सुमारास वूस्टर आणि नंतर लंडन आयरिश यांनीही गाशा गुंडाळला. याउलट एक्सेटर चीफ्स. २०१० मध्ये वरच्या श्रेणीत आलेला हा क्लब आपल्याच मालकीच्या मैदानावर, स्थानिक मुलांना घडवत, रॉब बॅक्स्टर या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली वाढला. २०१७ मध्ये तो इंग्लंडचा विजेता झाला आणि २०२० मध्ये त्याने इंग्लंड आणि युरोप दोन्ही जिंकले. पुढे त्यांनाही उतरती कळा पाहावी लागली. पण पाच-दहा वर्षं सलग टिकून राहायचं असेल तर खालच्या थरातून खेळाडू येत राहावे लागतात, हे त्यांनी दाखवून दिलं. हाच धडा आपल्यालाही लागू आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला झालेली सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग हा सात-सात खेळाडूंचा, वेगाचा प्रकार होता. भारतातही हा खेळ व्यवसाय म्हणून रुजायचा असेल तर खरी कसोटी फ्रँचायझींच्या बोलीपेक्षा शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर लागेल.

पुन्हा २०२३ कडे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्विकनमला न्यूझीलंडविरुद्धच्या सराव सामन्याआधी बॅक असलेला विली ले रू ऐनवेळी बाहेर झाला, आणि राखीव बाकावर त्याची जागा क्वागा स्मिथ या फॉरवर्डने घेतली. सहा-दोनचं सात-एक झालं. सामना ३५-७. न्यूझीलंडच्या इतिहासातला तो तोपर्यंतचा सर्वांत मोठा पराभव. मग सात-एक हा जाणीवपूर्वक डाव बनला. धोका उघड होता: दोन बॅक जखमी झाले तर मागे खेळायचं कोणी? उत्तर होतं एकापेक्षा जास्त जागा खेळू शकणारी माणसं. स्मिथ ऑलिंपिकमध्ये सात-सातचा खेळ खेळलेला, त्यामुळे गरज पडली तर तो बॅकच्या जागीही धावू शकणार होता. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर बाकावर राखीव स्क्रम-हाफच नव्हता. फाफ द क्लर्क पूर्ण ८० मिनिटं खेळला.

हा डाव दर वेळी साधला असं नाही. गटसाखळीत आयर्लंडविरुद्धही सात-एकच होतं आणि दक्षिण आफ्रिका ८-१३ अशी हरली. फ्लाय-हाफ मानी लिबॉक आणि द क्लर्क यांच्या किक चुकल्या, हातातले ११ गुण गेले. फॉरवर्डांनी कितीही घाम गाळला तरी मिळालेली पेनल्टी गुणांत बदलणारा पाय लागतोच. पोलार्डला मार्क्सच्या जागी बोलावलं गेलं ते याच काळात, आणि बाद फेरीच्या तीन सामन्यांनी त्या निवडीचं मोल दाखवलं.

उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सवर २९-२८. त्या सामन्यात तोमा रामोसची ट्रायनंतरची कन्व्हर्जनची किक कोल्बेने धावत जाऊन हाताने अडवली होती, आणि शेवटी फरक एकाच गुणाचा उरला. त्याच सामन्यात डेमियन विलेम्सेने स्वतःच्या मैदानार्धात चेंडू झेलून मार्क, म्हणजे बिनधोक किक मारायचा हक्क, मागितला आणि लांब किक मारायची सोडून स्क्रम निवडला. आपल्या आठ जणांवर एवढा विश्वास! उपांत्य फेरीत इंग्लंड १५-६ ने पुढे होतं. लिबॉकला एकतिसाव्या मिनिटालाच बाहेर काढून पोलार्डला आणलं गेलं. पुढे बाकावरून आलेल्या स्नेमनने ट्राय केला, ऑक्स एन्चे आल्यावर स्क्रममध्ये इंग्लंडला दाबून पेनल्टी मिळाली आणि जवळपास पन्नास मीटरवरून पोलार्डने ती मारली. १६-१५. निर्णायक क्षणांचे तिन्ही मानकरी, स्नेमन, एन्चे आणि पोलार्ड, बाकावरून आलेले. मग अंतिम सामना, १२-११. बाद फेरीचे तीन सामने, तिन्ही एकेका गुणाने. नशिबाचा भाग होताच. अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराला लाल कार्ड मिळालं, जॉर्डी बॅरेटची शेवटची लांब किक हुकली. पण नशीब कामी यायला आधी सामना शेवटच्या मिनिटापर्यंत ओढत न्यावा लागतो. पीटर-स्टेफ द्यू टॉयने त्या एका सामन्यात २८ टॅकल केले, ते काही योगायोगाने होत नाही.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दमलेल्या खेळाडूंवर एकदम सहा-सात ताजी, धिप्पाड माणसं सोडली तर टक्करी जास्त जोरात होतात, असं अनेक माजी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणतात. डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न रग्बीत आज सगळ्यांत मोठा आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा हुकर स्टीव्ह थॉम्प्सन याला ऐन चाळिशीत डिमेन्शियाचं निदान झालं, आणि तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. त्याच्यासारख्या अनेकांनी खेळाच्या संस्थांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे. दुसरी बाजू अशी की दमलेल्या प्रॉपला ८० मिनिटं स्क्रममध्ये उभं ठेवणं त्याच्याही मानेला घातकच आहे. राखीव खेळाडूंची संख्या आणि त्यांची वाटणी यांवर नियम करणाऱ्यांना आज ना उद्या ठरवावं लागेल, आणि तो निर्णय एका संघाला रोखण्यासाठी नव्हे तर वैद्यकीय पुराव्यावर व्हायला हवा.

२०२३ नंतर मुख्य प्रशिक्षकपद सोडून निनाबर आयर्लंडच्या लीन्स्टर क्लबकडे गेला आणि इरॅस्मस पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याने आक्रमणासाठी न्यूझीलंडचा टोनी ब्राउन आणला आणि दोनदा जग जिंकून दिलेली पद्धत स्वतःच बदलायला घेतली. २०२४ ची रग्बी चॅम्पियनशिप संघाने जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू या २३ वर्षांच्या फ्लाय-हाफने एकट्याने ३७ गुण केले, दक्षिण आफ्रिकेच्या कोणत्याही खेळाडूने कसोटीत केलेले सर्वाधिक. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे. तेव्हा पोलार्ड ३३ वर्षांचा असेल आणि कोलिसी ३६. दहाव्या क्रमांकासाठी, म्हणजे फ्लाय-हाफच्या जागेसाठी, पोलार्ड, लिबॉक आणि साशा असे तिघं स्पर्धेत आहेत, आणि त्यांतल्या एकाला तरी बाविसावा किंवा तेविसावा क्रमांक घालून बसावं लागणार आहे.